पडद्याआडचा रुग्ण

पाचगणीची हवा क्षयरोग्यांना मानवते, म्हणून डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये इथे बेल-एअर सॅनेटोरियम सुरू केलं. क्षयावर तेव्हा औषधच नव्हतं. स्वच्छ हवा, विश्रांती, सकस आहार आणि डॉक्टरांची बारीक नजर, एवढाच काय तो उपचार.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २०१२ मध्ये, प्रत्येक क्षयरुग्णाची माहिती सरकारला कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक झालं. ती नोंद आता 'निक्षय' या संगणक प्रणालीत होते. ही सोय मोलाचीच आहे. कामासाठी मुंबईला गेलेल्या रुग्णाचा औषधोपचार त्यामुळे मध्येच तुटत नाही.

पण परवा घाटाखालच्या एका दवाखान्यात पाहिलेलं दृश्य मनातून जात नाही. पन्नाशीचे डॉक्टर एका बोटाने एकेक अक्षर शोधत होते. समोर आजी तोंडाला पदर लावून खोकत होत्या. "कधीपासून खोकला आहे?" विचारलं, तेही पडद्याकडे बघतच. तेवढ्यात रेंज गेली. भरलेलं सगळं पुसलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बाहेर रांग वाढतच होती.

यात ना डॉक्टरांचा दोष, ना यंत्राचा. संगणक आला, पण तो चालवायला माणूस आला नाही, आणि शिकायला कुणी सवड दिली नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात नोंदींसाठी स्वतंत्र कर्मचारी हवाच, ही आमची स्पष्ट मागणी आहे. डॉक्टर वाचकहो, तुमचे अनुभव आम्हाला जरूर लिहून कळवा.