कॅम घेतलास, पण मोजलंस का?

गेल्या महिन्यातले सगळे शनिवार निल्याच्या गॅरेजात गेले. निल्या म्हणजे माझा कॉलेजातला रूममेट. आता दोघंही मिशिगनमध्ये, दोघंही आयटीत, आणि दोघांच्याही मेकॅनिकलच्या डिग्रीला एकदाचं काम मिळालं ते या गाडीमुळे :)

गाडी म्हणजे 2002 ची शेव्हरले कमॅरो. अमेरिकन मसल वगैरे म्हणतात, पण ही बनली कॅनडातल्या क्वेबेकमध्ये, आणि तो कारखानाही 2002 मध्येच बंद झाला. असो. इंजिन एलएस1, 5.7 लिटरचं व्ही8. आठ सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, आणि ब्लॉकच्या पोटात एकच कॅमशाफ्ट. कॅम टॅपेटला ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. बंद करायचं काम मात्र एकट्या स्प्रिंगचं.

निल्याने मोठा कॅम मागवला. खरं सांगायचं तर पॉवरपेक्षा त्याला आवाज हवा होता. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचं ते 'धडाक-धडाक' ऐकून बाजूच्याने मान वळवावी, एवढीच माफक इच्छा.

माझं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं: स्प्रिंगा बदल, आणि प्रत्येक गोष्ट आपल्या इंजिनावर मोजून घे. 6000 आरपीएमला एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो. वीस वर्षं दबलेली स्प्रिंग कमी पडली तर व्हॉल्व्ह कॅमच्या मागे धावू शकत नाही, सीटवर आपटत राहतो. शिवाय मूळ कॅमची लिफ्ट साधारण 12 मिमी, नव्याची 15 च्या पुढे. जुनी स्प्रिंग तेवढी दाबली तर तिचे वेढे एकमेकांना टेकू शकतात, मग वाकायचं कुणी, पुशरॉडने की रॉकरने, एवढाच प्रश्न उरतो. स्प्रिंगांवर निल्या लगेच तयार झाला. मोजण्यावर नाही.

आधी कॅम आत गेला. रेडिएटर, वॉटर पंप, पुढचं कव्हर, टायमिंग चेन हे सगळं काढणं वेळखाऊ पण सरळ काम आहे. स्प्रिंगांचं तसं नाही. या गाडीचं निम्मं इंजिन पुढच्या काचेखाली दडलेलं आहे. मागचे दोन सिलिंडर दिसतच नाहीत, बोटांनी चाचपून काम करायचं. हेड न उतरवता स्प्रिंग काढायची तर व्हॉल्व्ह आत पडता कामा नये. त्यासाठी प्लगच्या भोकातून हवा भरतात. आमचा कॉम्प्रेसर दुसऱ्याच सिलिंडरला बसला. मग जुनी युक्ती: भोकातून नायलॉनची दोरी आत सोडायची आणि क्रँक हाताने फिरवून पिस्टनने ती वर दाबायची. व्हॉल्व्ह गपगुमान जागेवर. मला ही दोरी हवेपेक्षा आवडली, ती गळत नाही. एका व्हॉल्व्हला दोन म्हणजे एकूण बत्तीस कॉटर, नखाएवढे. हेडमधल्या तेलाच्या भोकांत चिंध्या कोंबल्या होत्या म्हणून वाचलो, नाहीतर त्यातले तीन आज ऑइलपॅनमध्ये असते.

मग पुशरॉड. जुन्या बुलेटला टॅपेट सेट करायला स्क्रू असतो. इथे तो नाही. रॉकरचा बोल्ट 30 न्यूटन-मीटरला आवळला की विषय संपला. टॅपेटच्या आत तेलावर तरंगणारा छोटा प्लंजर असतो, तो थोडा दबलेला असावा लागतो, आणि तो किती दबणार हे फक्त पुशरॉडची लांबी ठरवते.

"अरे, सगळे 7.400 इंच टाकतात. मी मागवलेत पण."

"सगळ्यांचं इंजिन उघडलंस तू?"

रोज ऑफिसात 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणणाऱ्यांना शिव्या घालणारा हा माणूस!

लांबी कमी-जास्त करता येणारा मापाचा पुशरॉड मिळतो, तो लावला. उत्तर आलं 7.350. फरक सव्वा मिलिमीटरचा. तीनदा मोजलं, तेच. म्हणजे हेड मुळात असायला हवं त्यापेक्षा खाली बसलं होतं. आधीच्या मालकाने कुठेतरी ते घासून घेतलं असणार, किंवा पातळ गॅस्केट टाकलं असणार. बिलांच्या जाडजूड फाइलीत याबद्दल एक ओळ नाही.

आता हेड खाली म्हणजे व्हॉल्व्हही पिस्टनच्या जवळ. पहिल्या सिलिंडरला बोटाने दबतील अशा मऊ स्प्रिंगा लावल्या, डायल गेज बसवला, आणि पिस्टन वर येतो त्याच्या मागेपुढे थोड्या थोड्या डिग्रीवर व्हॉल्व्ह पिस्टनला टेकेपर्यंत दाबून पाहिला. इंटेकला किमान 2 मिमी आणि एक्झॉस्टला अडीच मोकळी जागा ठेवायचा प्रघात आहे. एक्झॉस्ट 2.6 आला. इंटेक 1.3.

निल्या गप्प. मग म्हणाला, "टेकत तर नाहीये ना?"

हाताने फिरवताना टेकत नाही, बरोबर. पण चेन सैल होते, वेगात कनेक्टिंग रॉड किंचित ताणला जातो, आणि तिसऱ्यातून चौथा टाकताना गिअर चुकून दुसऱ्यात पडला तर? कॅम थोडा मागे फिरवू, असंही त्याने सुचवलं. त्याने इंटेकला जागा मिळते, पण ती एक्झॉस्टच्या वाट्यातून, आणि तिथे द्यायला काही शिल्लकच नव्हतं. मी सरळ म्हटलं, तुला चालू करायची तर कर, मी घरी जातो. त्या शनिवारी आम्ही न जेवता पांगलो.

मला राग निल्याचा नाही. राग या छंदातल्या सवयीचा आहे. कॅमचं नाव आणि हॉर्सपॉवरचा आकडा जो तो छातीठोक सांगतो, पण व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये किती जागा उरली हे विचारा, निम्म्यांना ते मोजायचं असतं हेच ठाऊक नसतं. त्यातून लिफ्ट सारखी आहे म्हणजे कॅम बसेल, हा गैरसमज. पिस्टन अगदी वर असतो तेव्हा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नसतोच. तो किती लवकर उघडायला लागतो यावर खेळ आहे.

म्हणूनच तोडगाही तिथेच निघाला. गुरुवारी निल्याचा फोन आला, जवळजवळ तेवढ्याच लिफ्टचा पण व्हॉल्व्ह कमी वेळ उघडा ठेवणारा कॅम मागवलाय म्हणून. तो बसवल्यावर इंटेक 2.3 आला. पुशरॉड पुन्हा मोजला, 7.350 च. 7.400 चे सोळा परत पाठवले.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. आवाज छान आहे, पण 'धडाक-धडाक' नाही, किंचित थरथर. निल्या पाच मिनिटं बॉनेटवर हात ठेवून ऐकत उभा राहिला. मोठा कॅम अजून खोक्यात, फळीवर आहे. परत पाठवायची मुदत शुक्रवारी संपली.