नुसता रंग बदलून इंजिन बदलत नाही!

सारसोळ्याच्या आपल्या हॉस्टेलवर ट्रेन सिम्युलेटर खेळणारे दोन प्रकारचे. एक इंजिनाला नवा रंग देणारे, दुसरे त्याची फाईल उघडणारे. माझं मत दुसऱ्यांना!

२००१ च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरपासून इंजिनाची फाईल म्हणजे साधा टेक्स्ट. वजन, ओढ, ब्रेक, सगळं आकड्यांत. मोफत मिळणारा ओपन रेल्सही ही फाईल वाचतो.

आता आपलं डब्ल्यूएपी-७ घ्या. वजन १२३ टन, सुरुवातीची ओढ सुमारे ३२३ किलोन्यूटन, म्हणजे वजनाच्या पाव हिश्श्याहून थोडी जास्त. कुणी हौसेने तिथे ६०० लिहिलं तर? ओढ वजनाच्या निम्मी झाली. पोलादी रुळावर पोलादी चाकाला एवढी पकड मिळणं कठीण, नेरूळच्या पावसात तर विसराच! ओपन रेल्समध्ये पकडीचा सोपा पर्याय बंद ठेवा, चाकं जागीच गरगरतील.

जर्नलमध्ये आपण रीडिंग्ज ‘बसवतो’ आणि ती खपतात. इथे बसवलेला आकडा लगेच उघडा पडतो. उद्या खऱ्या डब्याच्या ड्रॉइंगवर सही करायची आहे, तेव्हा ही सवय कामाला येईल.

म्हणून सरांना विनंती, याला टाइमपास म्हणू नका. आणि मित्रांनो, रंगाआधी वजन तपासा!