नावे पुसलेली संहिता
जावा भाषेतील प्रोग्राम गिऱ्हाइकाच्या हवाली करताना मूळ संहिता कर्त्याच्या कपाटात राहिली, तरी सोबत जाणाऱ्या बाइटकोडमध्ये क्लास आणि मेथड यांची नावे जशीच्या तशी नांदत असल्यामुळे, डिकम्पायलर बाळगणारा कोणीही इसम ती संहिता बहुतांशी पुनश्च उभी करू शकतो. आणि म्हणूनच प्रोगार्डसारखी साधने ‘व्याजगणना’ अशा अर्थवाही नावाच्या जागी नुसता ‘ए’ ठेवून वाचणाऱ्याची वाट बिकट करतात. बिकट करतात, बंद नव्हे. कारण जी आज्ञा यंत्राला पाळता येते ती चिकाटीच्या वाचकापासून कायमची दडविणे दुरापास्तच, आणि कोणत्याही प्रोग्रामाला सर्वस्वी अपारदर्शक करणारी सार्वत्रिक युक्ती असू शकत नाही, हे बराक प्रभृती सात संशोधकांनी २००१ साली सिद्धही केले आहे. शिवाय हा बंदोबस्त खुद्द धन्यालाच जाचतो: प्रोग्राम कोसळला की येणाऱ्या अहवालातही तीच मुकी अक्षरे असतात, आणि जुन्या-नव्या नावांची फेरिस्त गहाळ झाली असेल तर दोषाचा माग काढणे महाकर्मकठीण. सबब प्रत्येक आवृत्तीची फेरिस्त दप्तरी जपावी, आणि परवलीचे शब्द मात्र प्रोग्रामात ठेवूच नयेत. प्रोगार्ड ते जसेच्या तसे राहू देतो.