औषधाने पडलेला रंग

कुष्ठरोग अनेकदा लपवता येतो. त्याचे औषध लपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये सुचवलेल्या बहुविध औषधोपचारातले क्लोफॅझिमिन मुळात लालसर रंगद्रव्यच. ते चरबीत, त्वचेत साठते. काही महिन्यांत चेहरा आणि हात तांबूस-काळे पडू लागतात, चट्टे तर आणखी गडद होतात. औषध मोफत, आजार बरा होणारा. पण गावाला सुगावा लागतो तो याच रंगावरून. लग्नाच्या वयाची मुलगी अशा वेळी गोळ्या बंद करते, तेव्हा तिला अडाणी ठरवणे फार सोपे असते. जंतू जास्त असतील तर उपचार 12 महिन्यांचा. रंग ओसरायला मात्र त्यानंतरही कित्येक महिने, कधी वर्षे लागतात. 2018 मध्ये संघटनेने कमी जंतूंच्या रुग्णांसाठीही क्लोफॅझिमिनसह तीन औषधे 6 महिने सुचवली. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयातही क्लोफॅझिमिन आहेच. म्हणजे असे चेहरे वाढतील. पहिले पाकीट हाती देतानाच, आणि घरच्यांसमोर, हा रंग औषधाचा आहे व तो जातो, हे आरोग्य केंद्राने सांगितलेच पाहिजे. सध्या ते डॉक्टरांच्या सवडीवर सोडलेले दिसते.