लाटा नाहीत, तरी चालेल!

"चार दिवस सुट्टी, आणि तू बुलडाण्याला चाललीयेस?" बाकीची गँग गोव्याला, हरमलच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकायला. मला पाणी हवं होतं, गर्दी नको होती. पाठीवर सॅक टाकली, ट्रेनने जालना गाठलं आणि तिथून सिंदखेडराजामार्गे लोणारची एसटी.

लोणारला लोक कसे जातात ठाऊक आहे? शेगावच्या वाटेवर! काठावर गाडी लावायची, 'बापरे, केवढा खड्डा!' म्हणायचं, फोटो काढायचा, चहा प्यायचा की निघाले. माझं म्हणणं, दोन रात्री तरी राहा. आणि जमलं तर एकटेच जा.

कारण हा खड्डा साधा नाही. व्यास तब्बल १.८ किलोमीटर. दख्खनच्या काळ्या बेसॉल्टवर उल्का आदळून झालेला. बरीच वर्षं तो ज्वालामुखीचाच समजला जायचा. उल्केचे भक्कम पुरावे १९७३ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आले. वय? शाळेत आपण पन्नास हजार वर्षं असं काहीतरी वाचलेलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते थेट पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास नेलं!

पहाटे खाली उतरायचं. वर रस्ता, हॉर्न, धूळ. खाली दाट झाडी, मोर, वानरं आणि मध्येच पडझड झालेली जुनी देवळं. माझ्याशी बोलायला कुणी नाही, त्यामुळे कान जागे. काठाजवळ गेलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. पाण्याला बाहेर जायला वाटच नाही. ते आटतं, क्षार मागे राहतात. त्यामुळे तळं खारट आणि सोड्याचं. पोहणं विसरा, सर्फबोर्ड तर सोडाच! जून २०२० मध्ये हेच पाणी चक्क गुलाबी झालं होतं. खारेपणा वाढला की फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांची करामत. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत गेलं. गंमत म्हणजे, विवराच्या कडेलाच धारेचं पाणी अखंड पडतं, आणि ते मात्र गोड!

आता खरं बोलू? या ट्रिपमधला अवघड भाग उतरणीचा नव्हता. गावातल्या एका लॉजवर रिसेप्शनच्या काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे. मागे कुणी नव्हतं. "सिंगल लेडीजला रूम देत नाही आम्ही." असा कुठलाही कायदा नाही, बरं का. सज्ञान आहात, ओळखपत्र आहे, विषय संपला. पण बाहेर अंधार पडत असताना कायदा कुणाला शिकवणार? एमटीडीसीच्या रिसॉर्टवर गेले, आधार कार्ड दाखवलं, किल्ली मिळाली. इतकं सोपं असतं ते!

दुसऱ्या दिवशी जेवायला एका छोट्याशा खानावळीत. पिठलं, भाकरी, ठेचा. वाढणाऱ्या मावशींनीही विचारलंच, "काऊन वं बाई, एकटीच आली का? घरी मालूम हाय ना?" हो म्हटल्यावर ताटात आणखी एक भाकरी पडली, आणि संध्याकाळी दैत्यसूदन मंदिरात ऊन उतरल्यावर जा, कोरीव काम तेव्हा बघायचं, असा हुकूमही सुटला. गेले. विष्णूने लोणासुराला मारलं त्याचं हे देऊळ. बाहेरच्या भिंतींवर इतकी शिल्पं आहेत की मान दुखते. घाई करायला सोबत कुणी नव्हतं, तासभर नुसती फिरत राहिले.

जायचं असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. दोन लिटर पाणी, टोपी, चांगली ग्रिप असलेले शूज. अंधाराआधी वर या, हे अभयारण्य आहे. आणि मुलींनो, रूम आधीच बुक करा. फोनवरच स्पष्ट विचारा, "एकटी येतेय, चालेल ना?" हे विचारावं लागतं याचा मला अजून राग येतो. तरी विचारा.