कल्याणची खरोलिका आणि स्पर्शाने बदलणारा चित्रपट

ठाण्यातील खोपटच्या एसटी स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाच्या हाती आज चित्रपट असतो. बोट लावताच तो थांबतो, मागे जातो, धावतो. प्रेक्षकाच्या स्पर्शाने कथानकच बदलावे, असे चित्रपट घडवणारे कलावंतही आता आहेत आणि त्यांच्या कृतींना सर्रास ‘अभूतपूर्व’ म्हटले जाते. इतिहास हे विशेषण इतक्या सहजी देत नाही. त्यासाठी खोपटहून फार दूर जावे लागत नाही; कल्याण पुरेसे आहे.

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिके’चे खेळ करू लागले. शांबरी म्हणजे शंबरासुराची माया. जादूच्या कंदिलाला याहून देखणे मराठी नाव क्वचितच सुचले असते. काचांवर हाताने रंगवलेली चित्रे, मागे दिवा, पुढे भिंग आणि पडदा. एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था वेगवेगळ्या काचांवर रंगवून त्या झपाट्याने एकापाठोपाठ दाखवल्या की पात्र हालल्याचा भास होई. सोबत निवेदन आणि संगीत. ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवल्या गेल्या त्या ७ जुलै १८९६ रोजी, म्हणजे त्यानंतर.

या खेळाची गती यंत्रात नव्हती, काच सरकवणाऱ्या हातात होती. सभागृहात हशा उसळला तर चित्र क्षणभर अधिक ठेवणे त्या हाताला शक्य होते. प्रेक्षक काचेला शिवत नव्हता, तरीही त्याचा प्रतिसाद चित्रापर्यंत पोहोचू शकत होता. चित्रफीत आली आणि ही वाट बंद झाली. चित्रपटाच्या इतिहासात या हानीची नोंद क्वचितच होते, हे खटकते.

प्रेक्षकाला हात परत देण्याचा गाजलेला प्रयोग १९६७ चा. माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात राडूझ चिंचेरा या चेक दिग्दर्शकाने ‘किनोआउटोमाट’ सादर केला. आसनांना लाल आणि हिरवी कळ होती. चित्रपट थांबे, मत घेतले जाई, बहुमताप्रमाणे कथा पुढे सरके. गंमत अशी की कोणतीही कळ दाबली तरी वाटा पुन्हा एकत्र येत आणि शेवट एकच राही. आजच्या बहुतेक स्पर्शपटांचेही हेच आहे: फाटे आधीच आखलेले, बोट फक्त त्यांतून निवडते. याला प्रेक्षकाची सत्ता म्हणणे ही अतिशयोक्ती होय.

मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांची २००७ ची ‘शॅडो ३’ ही कृती म्हणूनच अधिक प्रामाणिक वाटते. तिच्यासमोर उभे राहिले की पडद्यावर प्रेक्षकाची सावली उमटते. मग वरून वस्तू घरंगळत येतात आणि त्या सावलीला चिकटत जातात. हात हलवला की सावलीचा हातही हलतो. चिकटलेले ओझे मात्र त्याच्याबरोबर हलत राहते.