गोधडीला ‘किट’ लागत नाही

परीक्षा संपून उन्हाळ्याची सुट्टी लागली की शहरी मध्यमवर्गीय घराच्या अंदाजपत्रकात एक नवे कलम दाखल होते. मुलांनी मोबाईलपासून दूर राहावे, हातांनी काही करावे, ही पालकांची इच्छा रास्तच असते. तिची पूर्तता मात्र दुकानातून आणलेल्या खोक्याने होते. खोक्यात आधीच बेतलेले कागद, क्रमांक घातलेले तुकडे, बोटभर बाटल्यांत रंग आणि काय कोठे चिकटवायचे याचे सचित्र मार्गदर्शन. तासाभरात वस्तू तयार होते, तिचे छायाचित्र नातेवाइकांकडे रवाना होते आणि दुसऱ्या दिवशी मूल नवे खोके मागते. मोठ्यांचेही फारसे वेगळे नाही. भरतकाम शिकायचे तर आधी सुयांचा संच आणि दोऱ्यांची पेटी. चित्र काढायचे तर आधी कॅनव्हास आणि ॲक्रिलिक रंग. महिनाअखेरीस हिशेब जुळवणारी गृहिणी हे सारे पाहते आणि कलाकुसर हा सुखवस्तूंचा छंद आहे, आपला नव्हे, असे मनाशी ठरवून टाकते.

हा समज स्वाभाविक असला तरी वस्तुस्थितीला धरून नाही. महाराष्ट्रातील घरगुती कला बहुतांशी टंचाईच्याच पोटी जन्माला आल्या. वारली समाजात लग्नप्रसंगी भिंतीवर चौक काढला जातो. त्यासाठी लागते काय? सारवून गेरूने रंगवलेली भिंत, तांदळाचे पीठ कालवलेले पाणी आणि टोक ठेचून कुंचला केलेली बांबूची काडी. या परंपरेतून पुढे आलेले जिव्या सोमा मशे २०११ मध्ये पद्मश्रीने गौरविले गेले आणि २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन लाभले. आज त्याच कलेचे ‘किट’ मिळते. त्यात लाकडी भुशाचा दाबून केलेला फळा असतो आणि पांढऱ्या ॲक्रिलिकची नळी. दाराशी पडलेली माती आणि डब्यातले पीठ यांच्या जोरावर उभी राहिलेली कला विकत घेण्यासाठी आता पाकीट उघडावे लागते, हा विनोद कोणाच्या फारसा ध्यानात येत नाही.

दिवाळीच्या आकाशकंदिलाचीही तीच कथा. बुरुडाकडून आणलेल्या बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगी कागद आणि घरी शिजवलेली कणकेची खळ एवढ्यावर चाळीतील मुले चांदणी उभी करीत. खळीला किडे-मुंग्या लागू नयेत म्हणून वडीलधारी मंडळी तिच्यात चिमूटभर मोरचूद घालीत. कामट्या कोणत्या कोनात बांधल्या असता सांगाडा लचकत नाही, हे पुस्तकात नव्हते, हातात होते. रांगोळीचा ठिपक्यांचा कागद पेटत्या उदबत्तीने भोके पाडून घरीच होत असे. गौरी-गणपतीची कापसाची वस्त्रे आणि समईच्या वाती दुपारच्या गप्पांत वळल्या जात. आता यांतील प्रत्येक वस्तू पाकिटात मिळते. रुखवत तर लग्नापुरते भाड्यानेही मिळू लागले आहे! वधूने आणि तिच्या मावश्या-आत्यांनी हाताने केलेल्या वस्तू वरपक्षापुढे मांडायच्या, हा ज्या प्रथेचा गाभा, तीच दुसऱ्याच्या हातच्या वस्तूंनी दिवसापुरती सजते आणि संध्याकाळी टेम्पोत चढून परत जाते.

या साऱ्या कलांत काटकसरीची कला म्हणून अग्रमान द्यायचा तर तो गोधडीलाच द्यावा लागेल. कोठे तिला वाकळ म्हणतात. जन्मलेल्या बाळासाठी केलेली लहान गोधडी ती दुपटे. विरलेले नऊवारी लुगडे, जुनी धोतरे, फाटक्या चादरी एकावर एक अंथरायच्या आणि धावदोऱ्याने सांधायच्या, एवढेच तिचे तंत्र. पण त्या ‘एवढेच’मध्ये बरेच काही सामावले आहे. आतले थर आधी धुऊन कडक उन्हात वाळवले नाहीत, तर पहिल्या धुण्यात एक कापड आटते, दुसरे आटत नाही आणि गोधडीला चुण्या पडतात. जुन्यांत नवे कोरे कापड मिसळले तरी तेच होते. रंग जाणारे वस्त्र वेगळे भिजवून पाहावे लागते. थर हलू नयेत म्हणून आधी मोठे कच्चे टाके घालायचे, मग कडेकडेने आत येत बारीक टाके भरायचे. दोरा फार बारीक असेल तर तो विरलेल्या कापडाला कापतो, म्हणून दुपदरी दोरा घ्यायचा. अनेकदा धुतलेल्या सुताचा मऊपणा कोणत्याही गिरणीला नव्या कापडात आणता येत नाही. नवजात बालकाला आजीच्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळण्यामागे मायेइतकाच हा व्यवहारही होता. पॉलिएस्टरच्या साड्यांनी मात्र या कलेची पंचाईत केली आहे. तो पोत निसटतो, घाम टिपत नाही, उन्हाळ्यात अंगाला चिकटतो. गोधडी करू इच्छिणाऱ्या घराने म्हणूनच जुन्या सुती चादरी, पंचे, धोतरे आणि परकर बोहारणीला देण्याआधी दोनदा विचार करावा. जर्मनचे एखादे पातेले कमी आले, तरी संसार अडत नाही.

खर्चाचा हिशेब करायचा झाला तर तो सुई, दोऱ्याचे रीळ आणि बोटाला टोचू नये म्हणून अंगुस्तान, इतकाच आहे. ज्यांना पूर्ण गोधडी अंगावर घेण्याचे धैर्य नाही, त्यांनी दुपट्यापासून आरंभ करावा. तेही जमले नाही तर बसण्याच्या आसनापासून.

अशा विरलेल्या कापडाच्या कामाला कला म्हणावे काय, अशी शंका सुशिक्षितांच्या मनात येते. तिचे उत्तर आपल्याकडे मिळण्याआधी दूरदेशी मिळाले आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड ही कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. गुलामगिरीत राबलेल्यांच्या वंशजांची ही वस्ती पराकोटीची गरीब होती. तेथील स्त्रियांनी शेतात घालून झिजलेले कामाचे कपडे उसवून, त्यांच्या तुकड्यांची पांघरुणे शिवली. गुडघ्याच्या जागी कापड विटलेले, तर खिसा काढलेल्या जागी मूळ रंग गडद राहिलेला. त्या विटक्या-गडद पट्ट्यांतूनच नक्षी साधली. २००२ मध्ये ही पांघरुणे ह्यूस्टनच्या आणि पाठोपाठ न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतींवर लागली, समीक्षकांनी त्यांना आधुनिक चित्रकलेच्या पंक्तीला बसविले आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. या स्त्रियांपाशी रंग निवडण्याची चैन नव्हती. जे होते त्यातच रचना करावी लागली, आणि त्या सक्तीनेच त्यांची नजर तयार झाली. बंगालची कांथा याच कुळातली. तिच्यासाठी जुन्या साड्यांच्या काठांतूनच रंगीत दोरे काढून घेत.

इकडे आपल्या शहरांतील प्रदर्शनांत जपानी ‘साशिको’चे संच मांडलेले दिसतात. साशिको म्हणजे मूलतः धावदोराच. थंड प्रदेशातल्या गरीब शेतकऱ्यांनी विरलेली वस्त्रे टिकवण्यासाठी घातलेला. त्या परंपरेचा आदर जरूर करावा. पण जो टाका आजीच्या बोटांत होता तो जपानी नावाने आल्यावरच शिकावासा वाटणे, हे कशाचे लक्षण मानायचे? १९०५ च्या स्वदेशी आंदोलनाचे स्मरण म्हणून २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिवस पाळला जातो. त्या दिवशी हातमागाची साडी नेसून छायाचित्र काढणे सोपे आहे. तीच साडी वीस वर्षांनी विरेल तेव्हा तिचे काय करायचे, हे घरात कोणाला ठाऊक असणे कठीण झाले आहे.

शाळांनी ही उणीव भरून काढावी, अशी अपेक्षा फार जुनी आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा पुरस्कार केला आणि महाराष्ट्राच्या शाळांत ‘कार्यानुभव’ हा विषय वेळापत्रकात आला. त्या तासाचे पुढे काय झाले, हे प्रत्येक आईला माहीत आहे. रात्री साडेनऊला मुलाला आठवते की उद्या वस्तू न्यायची आहे. मग वडील स्टेशनरीच्या दुकानाकडे धावतात आणि वस्तू आई करते. गुण मात्र मुलाच्या वहीत पडतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून त्या काळात स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सूचना केली आहे. सूचना उत्तम आहे. तिचीही तयार खोकी निघू नयेत, एवढी दक्षता शाळांनी आणि पालकांनी घ्यावयास हवी. वर्गातल्याच एखाद्या मुलाची आजी येऊन बसली, तरी दहांतले चार दिवस सार्थकी लागतील.

येथवरचे बोलणे स्वतःच्या घरासाठी करण्याचे झाले. प्रश्न बिकट होतो तो घराबाहेर. ओढगस्तीच्या घरातल्या स्त्रीला ‘तुझ्या हातात कला आहे, विकायला लाग’ असा सल्ला सर्रास दिला जातो. देणाऱ्याने आधी थोडा त्रैराशिकाचा हिशेब करावा. समजा, एका मोठ्या गोधडीला रोजचे चार तास याप्रमाणे वीस दिवस लागले, तर ऐंशी तास झाले. तिने दोन हजार रुपये मागितले तर ताशी पंचवीस रुपये पडतात, तेही दोऱ्याचा आणि प्रदर्शनाच्या गाळ्याचा खर्च न धरता. आणि गाळ्यासमोर उभे असलेले सुस्थित गृहस्थ काय म्हणतात? “जुन्या कपड्यांचीच तर आहे, पंधराशेला द्या.” हेच गृहस्थ मॉलमध्ये छापील किमतीला अवाक्षर काढीत नाहीत. काटकसर हा मध्यमवर्गाचा गुण खराच. पण दुसऱ्याच्या श्रमातून केलेली काटकसर त्या गुणात मोडत नाही. ज्याला ती किंमत परवडत नसेल त्याने न घेता पुढे जावे, त्यात कमीपणा नाही. भाव पाडून घेणे मात्र त्या बाईच्या रात्रींची चोरी आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश झाला. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, खेळणी करणारे अशांना प्रशिक्षण, अवजारांसाठी साहाय्य आणि सवलतीचे कर्ज देण्याची तरतूद तिच्यात आहे. कारागिराला कारागीर म्हणून ओळख मिळणे ही महत्त्वाची गोष्ट आहे. परंतु स्वयंपाक, धुणे, मुलांचा अभ्यास आटोपून दुपारी सुई हाती घेणारी गृहिणी स्वतःला कारागीर म्हणवूनच घेत नाही, आणि घरातलेही तसे म्हणत नाहीत. पुरुषाने सुई धरली की तो शिंपी किंवा वेषभूषाकार होतो. बाईने धरली की तो फावल्या वेळचा उद्योग ठरतो. पैठणीला २०१० मध्ये मानांकन मिळाले, कारण पैठण-येवल्याचे विणकर दाखवता येतात. ज्या कलेचा कारागीर म्हणजे प्रत्येक घरातील आजी, तिचे मानांकन कोणाच्या नावे लिहायचे?

कोणी म्हणेल की ऐंशी तास शिवत बसण्यापेक्षा बाजारातून ब्लँकेट आणणे स्वस्त. पैशांपुरते हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. नोकरी, प्रवास आणि घरकाम यांत पिचलेल्या सुनेकडून हौसेच्या नावाखाली आणखी एक काम वसूल करणे तर सर्वस्वी गैर. पण ऐंशी तास एकाच व्यक्तीचे असलेच पाहिजेत, असे कोठे आहे? वाड्यांत गोधडी अंथरली जाई तेव्हा चार कोपऱ्यांना चौघीजणी बसत. आजच्या दोन खोल्यांच्या सदनिकेतही रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास दूरचित्रवाणी बंद ठेवता येते आणि एका कडेला सून, दुसऱ्या कडेला मुलगा-नातू बसू शकतात. नातवाचे टाके वाकडे पडणारच. ते उसवू नयेत. आजीला दिसेनासे झाले असेल तर सुईत दोरा ओवण्याचे काम धाकट्याकडे द्यावे. कोणते कापड कोणाचे, कधी घेतलेले, कोणत्या लग्नातले, हे सांगण्याचे काम मात्र तिच्याचकडे राहू द्यावे.

हे लवकर व्हायला हवे. ज्यांच्या हातांत हा टाका आहे, त्या बहुतेक स्त्रियांनी आता सत्तरी ओलांडली आहे. त्यांच्या कपाटाच्या तळाशी दोन-चार सुती लुगडी अजून घडी घालून ठेवलेली असतील.